उजव्या पायाचं जोडवं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. देवाजवळसुद्धा नाही. देवापुढे हात जोडले की माणूस काहीतरी मागतोच, आणि मला मागायचं काही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तेच बरं. म्हणून तुम्हाला सांगते.

पण एकदम सांगता यायचं नाही. मी प्राथमिक शाळेत उभा जन्म शिकवलं. आधी प्रस्तावना, मग धडा, ही सवय हाडीमाशी भिनलेली. आणि खरं सांगू? सवयीवर ढकलतेय. मला अजून भीती वाटते, एवढंच आहे.

तेव्हा आधी पाय बघा. तुमचा स्वतःचाच. चप्पल काढा आणि पाय सपाट टेका. अंगठ्याशेजारचं बोट बघा — त्याला तीन छोटी हाडं असतात आणि दोन सांधे. कधीकधी त्यातला बोटाच्या मधोमधचा सांधा वर उचलला जातो आणि बोटाचं टोक खाली जमिनीत रुतायला लागतं. बाजूने बघितलं तर हातोडी दिसते. डॉक्टर हॅमर टो म्हणतात. आमच्याकडे त्याला नावच नाही, बोट वाकडं झालं म्हणतात आणि कामाला लागतात. वर आलेल्या सांध्यावर चप्पल-बूट घासून कुरूप होतं, टोकाखाली घट्टा पडतो. दुखतं, पण माणूस चालू शकतो. चालू शकतो म्हणूनच कुणी लक्ष देत नाही.

सुरुवातीला ते बोट हाताने सरळ करता येतं. हे लक्षात ठेवा. मला हे त्या दिवशीच कळलं होतं, आणि पुढचं सगळं मी ते माहीत असून केलं.

सुगंधा माझी धाकटी जाऊ. माझा दीर अनंता बोटीवर खलाशी होता — मासेमारीच्या नव्हे, परदेशी मालवाहू बोटीवर. आठ-नऊ महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी, पुन्हा गेला. रत्नागिरीत असे पुष्कळ आहेत, आमच्या वाडीतच चार घरं. सुगंधा लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई होत्या. माप ओलांडताना त्यांची नजर तिच्या पायांवर गेली. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट चांगलं लांब! ‘ही अनंताच्या डोक्यावर बसणार,’ त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. बायका हसल्या, मीही हसले. सुगंधा लाजली आणि तिने ती बोटं साडीखाली ओढून घेतली. बिचारी कुणाच्या डोक्यावर कधी बसली नाही. अनंता असायचाच कुठे?

घर आमचं मिरजोळ्याच्या अंगाला, जांभ्याच्या चिऱ्यांचं, अंगणात दोन आंबे. एमआयडीसी पायी जाण्याच्या अंतरावर. प्राची, म्हणजे सुगंधाची मुलगी, जरा मोठी झाल्यावर सुगंधा तिथे कोळंबी सोलायला जायला लागली. मच्छीच्या कारखान्यात दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं, पायात गमबूट. मोठा बूट टाचेला घासतो आणि चालताना फटक फटक वाजतो, म्हणून ती एक नंबर लहान मागून घ्यायची. लांब बोट आणि आखूड बूट. बोटाने जाणार कुठे? ते दुमडून बसलं.

आता माझं सांगते. माझे हे गेले ते लावणीच्या दिवसांत. चिखलातला ताप, लेप्टो. बघता बघता मूत्रपिंडं बंद पडली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सासूबाई तोवर गेलेल्या, म्हणून चुलत सासू आली, दोघी-तिघी आणखी. बांगड्या, मंगळसूत्र, मग पाय. माझी जोडवी निघेनात. लग्न झाल्यापासून एकदाही काढली नव्हती, बोट त्यांच्याभोवती जाड झालेलं. कुणीतरी साबण आणायला सांगितला. साबण सुगंधाने आणून दिला. तेव्हा ती नवी नवरी. तिला म्हणाल्या, तू बघू नको, मागच्या दारी जा. ती गेली. माझ्या बोटांना साबणाचा फेस लावून, पिळून पिळून त्यांनी ती काढली. कातडं सोललं. मी ओरडले नाही.

एवढं लक्षात ठेवा. माझी जोडवी माझ्या पायातून फक्त एकदा निघाली आहेत, आणि तीही ह्यांना नेल्यानंतर.

मी दुःखी होते का? होते. पण मी लोकांना आवडेल अशी विधवा नव्हते. शाळा सुरूच ठेवली, टिकली लावायची सोडली नाही, आणि कुणी टोमणा मारला तर उलट दोन ऐकवायची. मुलांना वर्गात शिकवायची — मांजर आडवं गेलं तर ते उंदरामागे चाललंय, तुमच्या परीक्षेला अडवायला त्याला वेळ नाही. प्राचीला मांडीवर बसवून हेच शिकवलं. ती मला मोठी आई म्हणते. अक्षरं मी शिकवली, सायकल मी शिकवली. ‘आमच्या बाई फार सुधारलेल्या,’ असं वाडीत म्हणायचे, अर्धं कौतुक आणि अर्धी थट्टा. मला दोन्ही आवडायचं.

पण आतून? सुगंधाचा हेवा करायची मी. हे लिहिताना हात अडतो, तरी लिहिते. नवरा बोटीवर, म्हणजे घरात दोघी बायकाच. मी कमावती, शिकलेली, घराचे निर्णय घेणारी. आणि तरी संक्रांतीला बायका यायच्या त्या तिच्याकडे. हळदीकुंकू तिच्या हातचं. मी स्वयंपाकघरात वाणाच्या वाट्या पुसायची. कुणी मला आत बसवलं नव्हतं हं, मीच बसायची. उठून गेले असते तर कुणी हाकललं नसतं, फक्त एक क्षण सगळ्या गप्प झाल्या असत्या. त्या एका क्षणाला घाबरून सुधारलेल्या बाई वाट्या पुसत बसल्या.

एका वर्षी संक्रांतीच्या जरा आधी मी सुगंधाला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. ती लंगडत होती आणि मला ते बघवत नव्हतं. हेही खरंच आहे. माझी तिच्यावर माया होती. माया आणि हेवा एकाच घरात राहू शकतात, आमच्या घरात तर एकाच चुलीवर जेवायचे.

डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. त्याने तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. सुगंधा लाजून अर्धी झाली. त्याने ते दुमडलेलं बोट दोन बोटांत धरलं आणि हळूच ओढलं — आणि ते सरळ झालं. सोडलं की पुन्हा वाकायचं, धरलं की सरळ. ‘अजून सरळ होतंय, वेळेत आलात,’ तो मला म्हणाला. मग सगळं नीट समजावलं. पुढून रुंद चप्पल. बूट एक नंबर मोठा, टाचेत हवं तर कापड भरा. कुरपावर मऊ गादीची चकती. बोटावरून पट्टी घेऊन खाली ओढून चिकटवायची, म्हणजे ते खाली राहील. रोज हाताने सरळ करायचं. जमिनीवर रुमाल टाकून पायाच्या बोटांनी उचलायचा. एकदा साखर तपासून घ्या. ‘आणि आधी हे जोडवं काढा,’ तो म्हणाला. जोडवं सांध्यामागे अडकलं होतं, बोट सुजलेलं, कडेने कातडी पांढरी पडलेली. ते असेपर्यंत पट्टी बसणार नव्हती, आणि बुटात तेच आतून कापत होतं. सोनाराकडून कापून घ्या म्हणाला, दोन मिनिटांचं काम.

सुगंधा जमिनीकडे बघत होती. त्याने मला विचारलं, तुम्ही शिक्षिका ना? मग तुम्ही लक्ष ठेवा. मी हो म्हटलं.

परत येताना रिक्षात ती वाकून ते जोडवं चाचपत होती. अनंता बोटीवर होता. तिचं काय चाललंय ते मला कळत होतं. मी मनात उत्तर तयारसुद्धा केलं होतं — अगं, काढायचं म्हणजे टाकायचं थोडंच? शेजारच्या बोटात घाल. नाहीतर साखळीत ओवून गळ्यात घाल. जोडवं अंगावर आहे ना, मग झालं तर. साधं उत्तर होतं, तिला पटलं असतं. माझं ती सगळं ऐकायची.

रामआळीतल्या सोनाराकडे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं.

संक्रांतीला दुपारपासून बायका येत होत्या. मी आत. बाहेर हसणं, उखाणे, कुणाच्या तरी नव्या साडीचं कौतुक. मध्येच सुगंधा आत आली, पाटावर बसली आणि उजवा पाय हातात धरून दाबायला लागली. कपाळावर घाम. आणि ती म्हणाली, मनात काहीही नसताना, अगदी सहज म्हणाली —

‘वयनी, तुमी सुटलात बगा. तुमच्या पायाना कसला तरास नाय.’

बस. एवढंच. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. दुखणाऱ्या माणसाने न दुखणाऱ्या पायांकडे बघून म्हटलेलं वाक्य. मला ते तेव्हाही कळलं. तेव्हाही! माझ्या पायांकडे मी बघितलं. मोकळी बोटं. साबणाचा वास आला, खोटं नाही सांगत.

मग ती म्हणाली, ‘उद्या काडायचा म्हंजे — मना भ्या वाटतंय. ते तितं पान्यात. तुमी कवा काडली होतीत काय? भाऊजी असताना?’

काय म्हणायचं होतं मला? नाही. एक शब्द. कधीच काढली नव्हती, तरी ते गेले. म्हणजे जोडव्याचा आणि माणसाच्या मरणाचा काही संबंध नाही. याच्याहून मोठा पुरावा कुणाच्या हातात असतो? माझ्या हातात होता, माझ्या मोकळ्या बोटांवर होता.

मी म्हटलं, ‘काढली होती.’

आणि थांबले नाही. मी म्हटलं, लावणीला चिखलात रुतत होती म्हणून काढली, देवाच्या कोनाड्यात ठेवली, संध्याकाळी घालीन म्हटलं, विसरले. त्याच आठवड्यात ह्यांना ताप चढला. कुणाला बोलू नको. त्या वर्षी मी लावणीला गेलेही नव्हते, शाळेत होते. पण खोटं किती पटकन जुळून येतं बघा! चिखल खरा, कोनाडा खरा, ताप खरा. सगळ्या खऱ्या वस्तू उचलून मी त्यात एक खोटी बसवली. ह्यांचं मरण मी असं वापरलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने पाय खाली ठेवला, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. थोड्या वेळाने बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज आला, पाहुण्यांसाठी हसतात तसा. मी उरलेल्या वाट्या पुसल्या. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. थोडा वेळच, पण वाटलं. तिलाही आता काहीतरी दुखत होतं, जे मला दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनाराकडे गेलो नाही.

पुढच्या गोष्टी एकदम घडल्या नाहीत. एकदम घडल्या असत्या तर मी कदाचित ओरडून सांगितलं असतं. मी तिला रुंद चप्पल आणून दिली, मोठा बूट घ्यायला लावला, कुरपाच्या चकत्या आणल्या. रुमाल उचलायला शिकवलं. सगळं केलं, एक सोडून. जोडव्यामुळे पट्टी बसेना, मग तिने चिंधी गुंडाळायला सुरुवात केली. बोटाला हात लावला की कळवळायची, म्हणून सरळ करणंही सुटलं. रोज सकाळी मी शाळेला निघताना ती बूट घालत असायची, आधी डावा आणि मग दात आवळून उजवा. रोज मला वाटायचं, आज आल्यावर सांगू. तुम्हाला असं कधी होतं का? की एखादी गोष्ट आज सांगितली नाही म्हणून उद्या सांगणं आणखी कठीण, आणि परवा त्याहून?

तिने अनंताला फोनवर सांगितलं. माझ्याबद्दलच. नवऱ्यापासून लपवायची तिला सवय नव्हती. त्यानंतर तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्या हातचा चहा त्याने घेतला, पण मान वर केली नाही. माझ्या निष्काळजीपणाने त्याचा भाऊ गेला असं त्याला वाटत होतं. मी ते सोसलं. सोसलं म्हणून काही फेडलं, असं मात्र मानत नाही. ते माझं मीच ओढवून घेतलं होतं आणि त्याने सुगंधाच्या पायाला काडीचा फायदा झाला नाही.

काही वर्षांनी पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेलो. त्याने बोट धरलं, ओढलं. ते हललं नाही. सांधा दगडासारखा धरला होता. आता छोटं ऑपरेशन करू म्हणाला — सांध्याचं हाड थोडं तासायचं, बोट सरळ करून काही आठवडे आत तार घालून ठेवायची, मग तार काढायची. त्याआधी साखर आटोक्यात आणायची, कारण तोवर ती निघाली होती. आणि जोडवं कापायचं. सुगंधा नाही म्हणाली. त्याने कारण विचारलं. तेव्हा तिने माझ्यासमोर, माझ्याकडे आदराने बोट दाखवून, त्याला माझीच गोष्ट सांगितली. चिखल, कोनाडा, ताप, सगळं.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, या बाई आता काहीतरी बोलतील. शिक्षिका आहेत. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले. त्या चित्रातली पायाची हाडं मोजत होते की काय कोण जाणे. त्याने औषधांचा कागद पुढे सरकवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पहिलं खोटं मी रागाने बोलले. या गप्प बसण्याला मात्र कसला राग होता? कसलाच नाही. एका अनोळखी तरुण माणसापुढे माझी लाज जाईल, एवढंच. त्या लाजेपायी मी तिचं बोट दिलं.

साखर वाढली की पायातली संवेदना जाते. सुगंधा आनंदाने म्हणायची, आता दुखत नाही बगा. बोटाचं टोक सतत जमिनीत घासून तिथे जखम झाली होती आणि तिला कळलंच नव्हतं. वास यायला लागला तेव्हा मी चिंधी सोडली. बोट जोडव्यापासून पुढे काळं पडलेलं.

बोट कापावं लागलं. नर्सने एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जोडवं घालून माझ्या हातात दिलं. ते शेवटी असं निघालं.

शुद्धीवर आल्यावर सुगंधाने पायाचं काही विचारलं नाही. ‘त्यांना फोन लावा,’ म्हणाली. अनंताची बोट भर समुद्रात होती, फोन लागेना. त्या दिवशी लागला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती जेवली नाही. डोळे सताड उघडे ठेवून पडून राहिली आणि ओठ हलत होते. मी तिच्या उशाशी बसले होते. तेव्हा सांगायचं होतं ना? आता तर गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाई गं, काही होणार नाही त्याला, मी खोटं बोलले होते. एवढं म्हटलं असतं तर तिचा जीव शांत झाला असता. मी म्हटलं, ‘लागेल फोन, रेंज नसेल.’

फोन आला. अनंता ठणठणीत होता, त्याच्या मागे इंजिनाचा आवाज आणि कुणाचं तरी हसणं. सुगंधा ढसाढसा रडली. मला वाटलं, आता तिला कळेल. जोडवं निघालं आणि नवरा जिवंत आहे, म्हणजे गोष्ट खोटी! पण तिने वेगळाच अर्थ लावला. ‘मी कुटं काडला? कापून नेला. देवान बगितलान,’ म्हणाली. आणि माझा हात धरून म्हणाली, ‘वयनी, तुमी तवा सांगितलात म्हनून माजा कुकू ऱ्हायला.’

जखम भरली नाही, आत हाडापर्यंत गेली होती. कोल्हापूरला न्यावं लागलं. तिथे पुढचा अर्धा पाय काढला.

आता ती काठीच्या आधाराने अंगणापर्यंत जाते. कारखाना सुटला. अनंता बोटीवरून कायमचा उतरला, घरीच असतो, अंगाने चांगला सुटलाय, माझ्याशी बोलतोही. ड्रेसिंग मी करायची, अजून पायाची निगा मीच ठेवते. रोज कोमट पाण्याने धुते, पुसते, कुठे लाल झालंय का बघते. शेजारणी म्हणतात, सख्खी बहीणसुद्धा करणार नाही एवढं बाई करतात. मी ऐकून घेते. हे ऐकून घेणंही त्याच खोट्याचा भाग आहे, नाही का?

वाडीत नवी नवरी आली की सुगंधा तिला माझी गोष्ट सांगते. ओटीवर खुर्ची टाकून बसते, अर्धा पाय समोर ठेवते आणि सांगते. पाय असा समोर असल्यावर कोण अविश्वास दाखवणार?

इथपर्यंत सांगून मी थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, एका क्षणाची चूक. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच म्हणत आले. पण या उन्हाळ्यातलं राहिलंय.

प्राचीचं लग्न झालं. ती केमिस्ट आहे, लोट्याच्या एका कारखान्यात, चिपळूणजवळच सासर. तिचे पाय आईचे. तेच लांब बोट. लग्नानंतर महिन्याभराने ती माहेरी आली. ओटीवर आम्ही तिघी, दुपार, आंबे संपत आलेले. ती पाय दुमडून बसली आणि उजव्या बोटातलं जोडवं फिरवत म्हणाली, कारखान्यात बोटांवर लोखंडी टोपण असलेले बूट सक्तीचे आहेत, हे आत टोचतं, बोट दुखायला लागलंय, कामाला जाताना काढून ठेवणार आहे. जोडवं तिने अर्धं बाहेर ओढलंच होतं. मधल्या सांध्यावर, वरच्या बाजूला, लाल झालेलं.

सुगंधा किंचाळलीच. प्राची हसली. म्हणाली, ‘आई, तू गप. मोठी आई सांगेल तेच खरं. काय गं मोठी आई? मांजर आडवं गेलं तर ते कुणाच्या मागे चाललंय?’

ती माझ्याकडे हसत बघत होती. तिला माझं उत्तर माहीत होतं, मीच शिकवलेलं.

‘वयनी,’ सुगंधा म्हणाली, ‘तुमीच सांगा तिला. काय झाला ता सांगा.’

तिने आपला पाय जरा पुढे केला. अर्धा पाय. मी खरं बोलले तर तो पाय कशासाठी गेला? कशासाठीच नाही. माझ्या एका वाक्यासाठी. तिच्याजवळ आता एवढंच आहे, की तिने पाय देऊन नवरा राखला. ते काढून घेणं मला होईना — असं मी स्वतःला सांगून बघितलं. दया म्हणून बघितलं. नाही हो. दया नव्हती ती. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि खरं सांगितल्यावर त्या कशा बघतील ते मला दिसत होतं. मी घाबरले. पहिल्यांदा वाट्या पुसत बसले होते तशीच घाबरले.

मी सांगितलं. पहिल्यापासून, सावकाश, मुलांना गोष्ट सांगतात तशी. चिखल. कोनाडा. संध्याकाळी घालीन म्हटलं आणि विसरले. ताप. या वेळी मला रागही आलेला नव्हता आणि कुणी मला काही बोललंही नव्हतं. आवाज मात्र कापला, त्यामुळे गोष्ट आणखीच खरी वाटली.

प्राचीचं हसू हळूहळू गेलं. ‘मला वाटायचं, आईच काहीतरी सांगते. मोठी आई, तू मला हे कधी सांगितलं नाहीस,’ ती म्हणाली. मग तिने वाकून ते जोडवं पुन्हा आत सरकवलं, लाल झालेल्या जागेवरून, ओठ आवळून, पार बुडापर्यंत.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने माझ्या पायांना हात लावला आणि मी नेहमीचा आशीर्वाद दिला, अखंड सौभाग्यवती हो. ती उठताना मी तिचा पाय बघितला. मला आता नुसतं बघून कळतं. बोट नुकतंच वाकायला लागलंय, सांधा अजून मऊ आहे. धरलं तर सरळ होईल.

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर आहे. मी तो लावलेला नाही.